मामांचा शब्द

नवं सरकार आलं आणि आमच्या मामांचं दुकान बसलं.

सरकारचा आणि दुकानाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. तर माझे मामा शिंपी. साधेसुधे नव्हेत, कोटाचे शिंपी. सचिवालयाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि मला आठवतंय तेव्हापासून मोठमोठे साहेब कोट शिवायला त्यांच्याकडेच यायचे. नव्या सरकारातले मंत्री मात्र शपथ घ्यायलाच बिनकोटाचे उभे राहिले, शर्टाच्या बाह्या दुमडून. लोकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? मग बघता बघता सगळ्या खात्यांतल्या साहेबांनी कोट कपाटात टाकले आणि बाह्या दुमडायला घेतल्या. आमच्या साहेबांना बिचाऱ्यांना ते कधी जमलंच नाही. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी मनगटापाशी लोंबतेय, असे ते दिवसभर हिंडायचे आणि आम्ही हसू दाबत खाली माना घालून बसायचो.

मी नकाशा कार्यालयात आरेखक आहे. सरकार बदललं की आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण रस्त्यांची नावं बदलतात. हल्ली सगळं संगणकावर असलं तरी मूळ प्रत अजून हातानं केलेली, शाईची. जुनं नाव ब्लेडच्या टोकानं अलगद खरवडायचं, रबर फिरवून कागद गुळगुळीत करायचा आणि त्यावर नवं नाव लिहायचं, हे माझं काम. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव इतक्यांदा बदललंय की तिथला कागद कांद्याच्या सालीसारखा झालाय. या वेळी मी साहेबांना स्पष्ट सांगितलं, "हे शेवटचं. यापुढे या रस्त्याला कुणाचं नाव दिलंत तर भोक पडेल." साहेब गंभीरपणे म्हणाले, "वर कळवतो." कळवलं की नाही कोण जाणे.

बाकी नव्या सरकारला नावं ठेवायला मला फारशी जागा नव्हती. पंखे पुसले गेले. जिन्यातला बंद दिवा लागला. दहाची वेळ म्हणजे दहा, असा नियम आला आणि आमचे हे खूश झाले. हे, म्हणजे माझे यजमान, बस डेपोत वेळपाल आहेत, गाड्यांच्या वेळा नोंदवतात. जगात कुणीतरी वेळेवर येतंय म्हटलं की यांना बरं वाटतं. पण एक फलकही प्रत्येक कार्यालयाच्या दारात लागला होता आणि त्यानं आमच्या घराची झोप उडवली. त्यावर लिहिलं होतं, "नोकरीसाठी शिफारस आणणाऱ्या उमेदवाराचा अर्ज बाद केला जाईल."

झोप का उडाली, ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात आजवर प्रत्येकाला नोकरी लागली ती मामांच्या शब्दावर. साहेब कोटाचं माप द्यायला हात पसरून उभे असतात, मामा टेप धरून अगदी त्यांच्या कानाशी असतात. तेवढ्यात मामा हळूच म्हणतात, आमचा भाचा येतोय हो उद्या मुलाखतीला. हात असे पसरलेले असताना माणूस नाही कसं म्हणेल? असं आमचे वडील सांगायचे, दादा सांगायचा आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामा स्वतः घरी येऊन फक्त एवढंच म्हणायचे, "सांगून ठेवलंय. निवांत जा."

आणि आम्ही निवांत जायचो. त्या निवांतपणाच्या गोष्टी आमच्याकडे प्रत्येक समारंभात निघतात. दादा, माझा मोठा भाऊ, पाणीपुरवठ्यात मुलाखतीला गेला, तेव्हा शेजारच्या मोरीतला नळ गळत होता. पहिला प्रश्न चालू असतानाच हा "एक मिनिट हं" म्हणून उठला, नळ घट्ट पिळून आला, हात पुसले आणि म्हणाला, "हं, विचारा." यांची गोष्ट त्याहून वरची. यांच्यासमोर बिस्किटांची बशी होती. ती साहेबांसाठी ठेवलेली, हे सांगायला नकोच. यांनी उत्तरं देता देता ती जवळजवळ संपवली आणि शेवटचं बिस्कीट उरलं तेव्हा बशी अध्यक्षांपुढे सरकवून "घ्या ना, संकोच करू नका" असं म्हणाले. माझं सांगायचं तर, मला त्यांनी एक नकाशा उतरवून दाखवायला सांगितला आणि टेबल होतं खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मी म्हटलं, "इथे हाताची सावली पडतेय, टेबल खिडकीशी घेऊ या." एक बाजू मी धरली, दुसरी अध्यक्षांनी. म्हातारा माणूस होता, धापा टाकत होता. घरी येऊन सांगितलं तर सगळे हसून लोटपोट. "अध्यक्षाला हमाल केला तरी नोकरी दिली! याला म्हणतात शब्द!"

एका मावसभावाला मात्र नोकरी लागली नाही. तेव्हा मामा म्हणाले होते, "ऐन वेळी वरून दबाव आला." वरून दबाव आल्यावर मामा तरी काय करणार? सगळ्यांना पटलं.

तर, या वेळी पाळी आमच्या चिमीची होती. चिमी म्हणजे आमची एकुलती एक. डोकं चांगलं आहे. घरी तोंडाचा पट्टा असा की यांनासुद्धा मध्ये बोलायला सापडत नाही. हवेचा दाब, वारा, ढग यांच्यावर तासभर बोलेल. पण समोर टेबल आणि टेबलापलीकडे माणूस आला की तिचं पाणी पाणी होतं. खासगी कंपन्यांतल्या मुलाखतींना मामांचा शब्द चालत नव्हता, त्यामुळे तिथे ती एकटी जायची आणि रिकाम्या हातानं यायची. एका ठिकाणी तिला नाव विचारलं तर तिनं वडिलांचं सांगितलं. एका ठिकाणी मुलाखत घेणारे गृहस्थ जेवणानंतर बसल्या जागी झोपी गेले आणि ही, उठवायचं कसं म्हणून, ते जागे होईपर्यंत समोर बसून राहिली. जागे झाल्यावर ते म्हणाले, "बरं, मग कळवतो आम्ही." कहर झाला तो शेवटच्या मुलाखतीत. म्हणे उत्तरं बरी गेली होती. नमस्कार करून वळली आणि दाराऐवजी कपाट उघडलं. आत फायली. मागे चार माणसं बघतायत. हिनं काय करावं? "छान आहे," असं म्हणाली आणि कपाट लावून घेतलं.

आम्ही हसलो, तीही हसली. पण नंतर ती मोरीत जाऊन तोंड धूत राहिली ते बराच वेळ, आणि मला कळलं की पाणी नुसतंच वाहतंय. त्यानंतर तिनं अर्ज करणंच सोडून दिलं होतं. हवामान कार्यालयात निरीक्षकाची जागा निघाली तेव्हा मीच मागे लागून अर्ज करायला लावला. तिला जे काम मनापासून हवं होतं ते हेच होतं आणि अशी जागा रोज निघत नाही. "ही गेली तर मी परत कुठे जाणार नाही, आई," ती म्हणाली. हे बोलताना ती चिडली नव्हती, रडलीही नव्हती. त्याचीच मला भीती वाटली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामा आले नाहीत. म्हणून कार्यालय सुटल्यावर मीच त्यांच्या दुकानात गेले.

दुकानात एकही कोट टांगलेला नव्हता. मामा कुणाच्या तरी उशांचे अभ्रे शिवत बसले होते. चष्मा नाकावर, मान खाली. वय झालंय त्यांचं आता. मला बघून मशीन थांबवलं आणि स्टूल पुढे केलं.

"चिमीची उद्या मुलाखत आहे, मामा."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? बाह्या दुमडलेली माणसं ती. माझ्याकडे कोण येतंय?"

"जुन्यातलं कुणीतरी असेल की. तुमचा शब्द कुणी मोडणार आहे का? गुपचूप सांगायचं. फलकाकडे कोण बघतं?"

मामांनी चष्मा काढला. अभ्र्याच्या टोकानंच काचा पुसल्या. मग म्हणाले, "पोरी, मी कधीच कुणाला काही सांगितलं नाही."

मला वाटलं ते नव्या नियमाला घाबरले. मी म्हटलं, "अहो, माझ्याशी काय लपवताय? माझ्याच वेळी तुम्ही..."

"तुझ्या वेळीही नाही."

"दादाच्या?"

"नाही. जावईबापूंच्याही नाही. अगं, माप घेताना, कोट अंगावर चढवून टाचताना माझ्या तोंडात टाचण्या असतात. मी बोलणार कसा?"

मी हजार वेळा त्यांना काम करताना पाहिलं होतं. ओठांच्या फटीत टाचण्यांची रांग, आणि साहेबांनी काही विचारलं तर नुसतं "हं" नाहीतर "अं हं". हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी मला एकदाही प्रश्न पडला नव्हता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवात दादापासून झाली. दादा मुलाखतीच्या आदल्या दिवशी इतका घाबरला होता की आईनं वाढलेलं ताट त्यानं तसंच सारलं. मामा सहज आले होते. त्याला चार घास जावेत म्हणून म्हणाले, सांगून ठेवलंय, निवांत जा. तो गेला, नळ पिळून आला, नोकरी घेऊन आला. वडिलांनी मामांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "तेव्हा खरं सांगायचं राहून गेलं," मामा म्हणाले, "आणि मग पुढचा आला. त्याला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, शब्दच तर हवाय. द्यायला आपलं काय जातं?"

आता कुणी म्हणेल, मला आनंद व्हायला हवा होता. मला आला राग. असा राग की मी स्टुलावरून उठले आणि स्टूल कलंडलं तरी उचललं नाही.

"तुमचं काय जातं? माझं काय गेलं ते विचारा!" मी म्हटलं. "मुलाखतीच्या दिवशी माझ्या शेजारी बाकावर एक मुलगी होती. चित्रांची गुंडाळी छातीशी धरून बसलेली. मी तिची कामं पाहिली होती, सुरेख होती. मला घेतलं, तिला नाही. तेव्हापासून मी धरून चाललेय की मी तिची जागा खाल्ली. साहेबांनी दोनदा मला मुख्य आरेखक व्हा म्हटलं. दोनदा मी नको म्हटलं. शब्दावर आलेल्या माणसानं पुढे पुढे करू नये, असं मला वाटायचं. कुणी काम चांगलं झालं म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, मामा. सगळी उमर मी चोरासारखी काढली त्या टेबलापाशी, आणि तुम्ही म्हणता काय जातं?"

मामांनी हातातला अभ्रा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं गं."

खरं होतं ते. मी तरी कुणाला कुठे सांगितलं होतं? स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि घरी आले. चालत आले. वाटेत एकदा मला टेबल धरून धापा टाकणारा तो अध्यक्ष आठवला. उजेड मागणारी मुलगीच त्यांना हवी असणार. नकाशा उतरवायला उजेडच लागतो. ज्याच्यावर आम्ही इतकी वर्षं हसलो, त्याच्याचसाठी मला घेतलं असेल. दादाचंही तेच, नळाचं काम नळ ऐकू येणाऱ्यालाच द्यायचं. यांच्या बिस्किटांचा मात्र काही केल्या उलगडा होईना.

घरी मी काही बोलले नाही. काय सांगायचं आणि कुणाला, तेच ठरत नव्हतं. तीच चूक झाली. सकाळी चिमी नाश्त्यापुढे पुतळ्यासारखी बसली होती. चमचा हातात, घास काही उचलला जाईना. यांना दया आली. मी आदल्या दिवशी मामांकडे जाऊन आले, एवढं यांना माहीत होतं, त्यावरून यांनी आपलं गणित मांडलं.

"अगं, खा की. मामांनी सांगून ठेवलंय. आई जाऊन आलीय ना काल."

"खरंच?" चिमीनं माझ्याकडे पाहिलं. "पण तो फलक?"

"मामांचं काम चोख असतं," हे म्हणाले. "कुणाला पत्ता लागत नाही."

आणि माझी पोरगी खायला लागली. बशी पुसून खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. गुणगुणत केस विंचरले. चपला घालताना तिनं यांना चिडवलं, यांनी तिला. कितीतरी महिन्यांनी ती अशी मोकळी दिसत होती. आता गप्प बसलं तर ती अशीच आत जाईल, निवांत, आणि कदाचित जागा मिळवूनही येईल. आणि मग माझ्यासारखीच त्या टेबलापाशी जन्म काढेल, मान खाली घालून. मी तिच्याबरोबर निघाले खरी, पण बसमध्ये शेजारी बसूनही माझ्या तोंडून शब्द फुटेना.

हवामान कार्यालयाच्या लांब ओसरीत बाकं टाकली होती. रंग ताजा होता, हात लावू नका अशी पाटी होती आणि पाटीशेजारीच कुणाचा तरी पंजा उमटलेला होता. उमेदवार पाठ करत बसले होते. चिमी पाय हलवत भिंतीवरचा वाऱ्याचा तक्ता बघत होती. आतला शिपाई येऊन म्हणाला, "यांच्यानंतर तुम्ही." तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

"चिमे, मामांनी कुणाला काही सांगितलेलं नाही."

ती हसली. "हो गं, असंच म्हणायचं असतं. कळलं मला."

"तसं नाही. खरंच नाही. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही, बाबांसाठी नाही. मामांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. आम्हाला धीर यावा म्हणून नुसतं म्हणायचे."

तिचा चेहरा उतरत गेला तो मी बघत होते. आईनं बघू नये असं ते होतं.

"हे आत्ता सांगायचं होतं?" ती म्हणाली. "पाच मिनिटं राहिली असताना?"

"हो. आत गेल्यावर जे होईल ते तुझं असू दे. नाहीतर ते कधीच तुझं होणार नाही. मला माहीत आहे ना, मी..." पण तेवढ्यात दार उघडलं. शिपायानं नाव पुकारलं. चिमीनं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मी बाकावर बसून राहिले. आपण फार मोठा गाढवपणा केला, असं मला सारखं वाटत होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम हसण्याचा आवाज आला, दोन-तीन माणसांचा. पुन्हा कपाट उघडलं असणार पोरीनं! बाहेर आली तेव्हा ती लालबुंद झाली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "चल." बसमध्येही बोलली नाही, घरीही नाही. ती माझ्यावर रागावली होती आणि तो तिचा हक्क होता.

निकाल लागला तेव्हा तिनं मला कार्यालयात फोन केला. "आई, मला घेतलं." एवढंच. मी ब्लेड खाली ठेवलं आणि साहेबांसमोर रडले. साहेब गोंधळून दोन्ही बाह्या सोडून बसले.

रविवारी दादानं सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. दादा, वहिनी, आम्ही तिघं आणि मामा. दादाला कुठलाही समारंभ थाटात लागतो. मधोमध मोठी खुर्ची ठेवली होती. मला वाटलं चिमीसाठी असेल. दादानं मामांना हाताला धरून त्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली आणि भाषणच सुरू केलं.

"सरकार बदललं, कायदे बदलले, कोट गेले. पण मामांचा शब्द गेला नाही! शिफारस आणली तर अर्ज बाद, असं दारात लिहिलेलं असताना नोकरी लावून दाखवली. अरे, जुन्या राज्यात कुणीही लावेल. या राज्यात लावायला मामाच पाहिजेत!"

वहिनींनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या, कारण यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. चिमी दाराशी पेढ्यांचा खोका घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं. मी मुलाखतीहून टेबलाची गोष्ट घेऊन घरी आले होते, तेव्हा सगळे हसत असताना मीही बहुतेक अशीच दिसत असेन.

"मी काही केलं नाही," मामा म्हणाले.

"हा मामांचा मोठेपणा," दादा म्हणाला.

"अरे, खरंच नाही. मी कुणाला ओळखत नाही. तुझ्या वेळीही मी काही बोललो नव्हतो."

सगळे हसले. मामा शाल सावरत उठू लागले, त्यांना पुन्हा बसवलं. "मी शपथेवर सांगतो," मामा काकुळतीला आले होते, "मी फक्त मापं घेतली रे, आयुष्यभर नुसती मापं घेतली." तर हे म्हणाले, "बरोबर आहे, मामा. आता असंच म्हणायला हवं. भिंतीलाही कान असतात." एवढं नकोसं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

मग मी उठले. "मामा खरं बोलतायत," मी म्हटलं. "माझी नोकरी मी मिळवली. माझी मी. आणि चिमीची तिची तिनं मिळवली. आणि दादा, तुलाही कुणी लावली नाही, तूच लागलास."

आवाज जरा चढलाच असावा, कारण हसणं थांबलं. दादा माझ्याकडे, मग मामांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा थाट हळूहळू उतरला.

"मामा," तो म्हणाला, "ते पाणीपुरवठ्याचे जुने मोठे साहेब. त्यांना तुम्ही सांगितलं होतं ना?"

"नाही रे बाळा."

"एकदाही?"

"मी त्यांचा कोट शिवला. बोललो कधीच नाही."

दादा एका खुर्चीत बसला. "मी दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला जातो," तो म्हणाला. "त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पाणी वाढलंय. घर बदललं तेव्हा त्यांची कपाटं उचललीत. उपकार आहेत म्हणून. आणि ते दर वर्षी दारात मला विचारतात, आपण कोण? मला वाटायचं, साहेब मुद्दाम ओळख देत नाहीत, शब्दाची गोष्ट कुणाला कळू नये म्हणून. किती सज्जन माणूस, असं मी सगळ्यांना सांगायचो."

कुणीही हसलं नाही. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मामांनी अंगावरची शाल काढून घडी केली आणि मांडीवर ठेवली. हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "म्हणजे बिस्किटं खाऊनसुद्धा मला..." एवढं गोंधळलेलं आणि एवढं सुखावलेलं मी यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

दादानं डोळे पुसले. मग त्यानं मान वर केली आणि दाराशी उभ्या चिमीकडे बघितलं, जणू ती आत्ताच आली होती.

"चिमे," तो म्हणाला, "आत तुला विचारलं काय गं? आणि तू काय सांगितलंस?"

आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. नळ, बिस्किटं आणि टेबल सगळ्यांना पाठ होतं, पण प्रश्न काय आले आणि आम्ही उत्तरं काय दिली, हे मलासुद्धा कुणी विचारलं नव्हतं. शब्दच टाकलेला, तर उत्तरांना कोण विचारतो? मामा मोठ्या खुर्चीतून उठले. या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही. "इथे बस," ते चिमीला म्हणाले, आणि स्वतः माझ्याशेजारी येऊन बसले.

चिमी खुर्चीत बसली. आधी जरा अवघडली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मुलाखतीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे असं सरळ पाहिलं.

"पहिलाच प्रश्न होता," ती म्हणाली, "तुमची कुणी शिफारस केली आहे का? मी म्हटलं, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत होती."

सगळ्यांत आधी मामा हसले. मग मी.

"मग?" दादा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "मग पुढे काय विचारलं?"